पेरलेला तारा

आकाशात खोटे तारे पेरावे लागतात, हे घरी समजावून सांगताना तिची दर वेळी फजिती व्हायची.

"म्हणजे तुम्ही महिन्याचा पगार घेता आणि आकाशात खोटं घालता?" दादा विचारायचा.

"आकाशात नाही रे. चित्रात. तेसुद्धा चित्राच्या नकलेत."

"बरं, नकलेत. मग?"

"मग यंत्राला सांगायचं, शोध. पेरलेल्यातले निम्मे त्याला सापडले नाहीत, तर खऱ्यातलेही निम्मे निसटत असणार. एवढं कळण्यासाठी पेरायचे."

"आणि कळल्यावर?"

"वेचून काढायचे."

"सगळे?"

"सगळे. जेव ना आता, गार होतंय."

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळून घरी आला, की त्याला बोलायला माणूस लागायचं. आई टीव्हीच्या नादात असायची, म्हणून तो हिच्या मागे लागायचा. तिला तो ठमी म्हणायचा. नोकरीला लागून केस पिकायला लागले तरी ठमीच.

"तुझ्या त्या पेरणीत घरातली सगळी माणसं आहेत म्हणतेस. आई आहे, मावशी आहे. मी का नाही?"

"तू मोठा प्रकाशमान पडतोस."

"थट्टा नको. या वेळी मला टाक. आणि जागा निवांत बघ हं. शेजारीपाजारी नकोत."

*

केंद्र शहराबाहेर होतं. तळघरात संग्रह: गेल्या कित्येक वर्षांतली आकाशाची चित्रं, कुलपात, थंडगार. वरच्या दालनात महासंगणक. तो चालू असला की जमिनीतून एक बारीक थरथर पायांत यायची, आणि नव्या माणसाला वाटायचं, आपल्यालाच चक्कर येतेय. दुर्बिणी मात्र इथे नव्हत्याच. त्या तिघी तीन दूरच्या ठिकाणी होत्या आणि त्यांना कुणी त्यांच्या लांबलचक नावांनी हाक मारत नसे. डोंगर, बेट, वाळवंट. बस.

तिचं काम जोडणीचं. डोंगराने पाहिलेला ठिपका आणि बेटाने पाहिलेला ठिपका हा एकच तारा की दोन, हे ठरवायचं. ऐकायला सोपं. पण प्रत्येकीच्या खोडी वेगळ्या. डोंगराला वाऱ्याने कंप सुटायचा. बेटावरच्या दमट हवेत तारे फुगून यायचे, भिजलेल्या पोह्यांसारखे. वाळवंटाची नजर सुईसारखी, पण तिथे धूळ उठली की दार बंद, चार-चार दिवस पत्ता नाही.

म्हणून तिने नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक नियम लिहून यंत्रात घातला होता. एकीलाच दिसलं, तर ते गाळायचं. दोघींना दिसलं, तर राखून ठेवायचं. तिघींना दिसलं, तर ते पक्कं. आणि पक्कं झालेलं कुणीही हाताने काढायचं नाही. आधी लोक डुलक्या काढत चांगले चांगले तारे पुसायचे, त्यावर हा उपाय. सरांनी तेव्हा तिची पाठ थोपटली होती.

पेरणीतल्या ताऱ्यांना घरच्या माणसांची नावं द्यायची, ही त्यांच्या खोलीतली जुनी पद्धत. खऱ्यांना आकड्यांची नावं, खोट्यांना माणसांची, गोंधळ नको. सरांनी आपल्या सासूबाईंना सगळ्यांत अंधूक तारा केलं होतं. यंत्राला त्या कधीच सापडल्या नाहीत, आणि सर दर वेळी मोठ्या समाधानाने मान हलवायचे.

दादासाठी तिने खरंच निवांत जागा शोधली. तळघरातली जुन्यात जुनी चित्रं काढून पाहिली. आजूबाजूला काही नाही. काळी, स्वच्छ, रिकामी जागा. तिथे तिने एक मध्यम तेजाचा तारा ठेवला आणि नाव दिलं: दादा.

मग पेरणी झाली, शोध झाला, वेचणी झाली, जोडलेली यादी जगभर गेली. केक कापला. लांबूने दोन तुकडे खाल्ले.

*

लांबू म्हणजे महासंगणकावर कामं लावणारा तिचा सहकारी. उंची एवढी, की दारातून येताना मान खाली घालायची सवय त्याला दार नसतानाही होती.

"जोडणीबाई," तो एका सकाळी म्हणाला, "तुझा दादा राहिलाय."

"कुठे?"

"आकाशात. यादीत आहे अजून."

चूक साधी होती. दर वर्षी तीच माणसं त्याच जागी पेरायची, म्हणून वेचणीला तिने गेल्या वर्षीचीच फाईल लावली होती. आई निघाली, मावशी निघाली, सासूबाई निघाल्या. या वर्षी नवा आलेला एकटा दादा राहिला. तिने कपाळावर हात मारला, सरांना सांगितलं, सरांनी "काढा आणि खाली दुरुस्तीची एक ओळ टाका" म्हणून सांगितलं. तिने काढला.

दुसऱ्या दिवशी तो परत यादीत होता.

पुन्हा काढला. पुन्हा आला.

तिला वाटलं, नक्कल कुठेतरी चिकटून बसलीय. म्हणून तिने डोंगराकडून आलेलं त्या दिवशीचं कच्चं चित्र उघडलं. कच्च्या चित्राला कुणाचा हात लागत नाही. पेरणी नकलेत होते, कच्च्यात कधीच नाही.

काळ्या, स्वच्छ, रिकाम्या जागेत एक ठिपका होता. मध्यम तेजाचा.

डोंगर: दिसतो.
बेट: नाही.
वाळवंट: धूळ, बंद.

*

"काय झालं रे खांद्याला?"

"दार मिटलं अंगावर."

"लिफ्टचं? त्याला डोळा असतो ना? माणूस मध्ये असला की उघडतं."

"तोच तर तपासायला गेलो होतो. डोळा ठणठणीत. एक बाई आल्या, उघडलं. त्यांची पिशवी आडवी आली, उघडलं. मी उभा राहिलो, मिटलं." दादा हसत होता. खांदा सुजून निळा पडला होता. "जोडीदार बाहेर उभा. आणि मला हाका मारतोय. अरे, कुठे गेलास? मी त्याच्या नाकासमोर."

"चेष्टा केली असेल."

"असेल. पण फार वेळ केली."

*

डोंगराची काच डागाळली असेल, असं लांबू म्हणाला. असं होतं. एकीलाच दिसलं तर यंत्र गाळेल, नियम तुझाच आहे, कशाला काळजी करतेस? मग यादीत परत का येतोय, असं तिने विचारलं. लांबूने खांदे उडवले. त्याच्याकडे खांद्यांची कमतरता नव्हती.

घरी आईने जेवायला ताटं घेतली. दोन.

"आई, दादाचं?"

आई थबकली. "अगं बाई, खरंच की." तिने तिसरं ताट काढलं, स्वतःशीच हसली. "म्हातारी झाले मी."

दादा समोरच बसला होता. तोही हसला. जेवताना मात्र मध्येच ठमीला हळूच म्हणाला, "आई रागावलीय का माझ्यावर? हाक मारली तर ओ देत नाही."

दोन गोष्टींचा मेळ घालणं हा तिचा धंदा होता. हा मेळ तिने मनातसुद्धा घातला नाही. फक्त जेवण झाल्यावर दादाचं ताट स्वतः विसळलं, आणि आईचं लक्ष नाही ना, हे का कोण जाणे आधी पाहिलं.

*

डोंगर: दिसतो.
बेट: दिसतो.
वाळवंट: धूळ, बंद.

*

बेटाचं चित्र आलं तेव्हा ती सरांच्या खोलीत गेली. सर चांगले होते. चांगला माणूस ऐकून घेतो, तसं त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, आपण जो तारा खोटा म्हणून ठेवला, त्याच जागी खरा निघाला."

"खरा नाही सर. मी ठेवलाय तो."

"दोन दुर्बिणी दाखवतायत."

"म्हणूनच म्हणते, वाळवंटाला तिकडे वळवू नका. निदान या फेरीत. तिघींना दिसला तर मग काढता येणार नाही."

"का काढायचाय?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं. पण सरांच्या टेबलासमोर उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. माझा भाऊ, सर, माझा भाऊ...

"तुम्हाला सुट्टी हवीय का?" सरांनी विचारलं. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई आणि दादा."

"हां, आई." सरांनी मान हलवली. "आईला घेऊन चार दिवस कुठेतरी जाऊन या."

वाळवंटाची फेरी कित्येक महिने आधी ठरलेली असते. दुर्बीण कुठे बघणार, चित्र केबलमधून कधी निघणार, संग्रहात कधी उतरणार, महासंगणक ते कधी उचलणार, सगळं एकमेकांत दात्याला दाता अडकवलेलं. या जुळणीचा तिला अभिमान होता. कुठेही माणसाला हात घालायला जागा ठेवली नव्हती. ती जागा तिनेच बुजवली होती.

तिने तरी हात घातला. नियमाची ओळ उघडली, तिघींऐवजी चौघी लिहिलं. चौथी दुर्बीण जगात नव्हती, असू दे. महासंगणकाने काम घेतलं, पायांत थरथर आली, संध्याकाळपर्यंत राहिली. सकाळी पाहिलं तर ओळीत तिघी. बदल कुणी केला, तिथे कुणाचं नाव नव्हतं. तिने पुन्हा चौघी लिहिलं. लांबू मागे उभा राहून बघत होता.

"सोड ना," तो म्हणाला. "एक तारा जास्त झाला तर आकाशाला ओझं होत नाही."

*

"आई, दादाचं ताट?"

"कोणाचं?"

*

आता दादाला कामावरून फोन येत नव्हते. तो सकाळी तयार होऊन बसायचा, अवजारांची पिशवी पायाशी. मग एक दिवस पिशवी न घेताच बसायला लागला. ठमी कामावरून आली की उठून तिच्यासाठी चहा ठेवायचा. बोलायचा मात्र पूर्वीसारखाच, किंबहुना जास्तच, दिवसभराचं साठलेलं.

"रस्त्यात लोक अंगावर येतात गं. आधी मी बाजूला व्हायचो. आता कंटाळा आला."

"मग?"

"मग काही नाही. जातात."

ती त्याच्याकडे बघत राहायची. बघणं हेच जणू काम असल्यासारखं. पापणी लवली तरी घाबरून पुन्हा बघायची. तो होता. खांद्यावरचा निळा डाग पिवळा पडत चालला होता, दाढी वाढत होती. एवढं सगळं ज्याला होतं, तो माणूस असतो.

"ठमे," त्याने विचारलं, "आई कुठे गेलीय?"

आई त्याच्या शेजारीच उभी होती. कपडे घड्या करत होती. त्याचा शर्ट तिने हातात धरला होता आणि तो कुणाचा, हे न कळून उलटसुलट करून पाहत होती.

*

वाळवंटातली धूळ बसली.

डोंगर: दिसतो.
बेट: दिसतो.
वाळवंट: दिसतो.

*

पक्का. यंत्राने त्याचं दादा हे नाव काढून टाकलं आणि त्याला आकडा दिला.

ती तळघरात गेली. जागा शोधताना तिने जी जुनी चित्रं पाहिली होती, त्यांतलं सगळ्यांत जुनं मागवलं. ते घेतलं गेलं तेव्हा बेट आणि वाळवंट बांधूनही झाल्या नव्हत्या. संग्रहातल्या प्रत्येक चित्राला एक मोहोर असते. कण जरी बदलला तरी मोहोर तुटते. मोहोर शाबूत होती.

चित्रात तारा होता. तिथे तो असा बसला होता, की कधी नव्हताच असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

तिने पडद्यावर बोट ठेवलं. बोटाखाली झाकला. बोट काढलं.

वर येताना लिफ्टमध्ये लांबू भेटला.

"तुला दादा आठवतो?" तिने विचारलं. "तू या लिफ्टमध्ये अडकला होतास. दुपारभर. दादाने येऊन काढलं होतं तुला. तू त्याच्या गळ्यात पडला होतास."

"अडकलो होतो, बरोबर." लांबू हसला. "गळ्यात कुणाच्या पडणार? दार आपोआप उघडलं की."

ती लिफ्टच्या भिंतीला टेकली. एकीलाच दिसलं तर गाळायचं. आणि आता दादा कोणाकोणाला दिसतो, याची मोजदाद करायला बोटंही लागत नव्हती. पण दोघांना दिसलं, तर? दोघांना दिसलेलं राखतात.

"घरी चहाला येशील?" ती म्हणाली. "आज. आत्ता."

"अरे वा! इतकी वर्षं शेजारी बसतेस, कधी पाणी विचारलं नाहीस. आज काय विशेष?"

"तू डोळ्यांनी धड आहेस ना?"

"म्हणजे?"

"ये तर."

*

त्यांच्या घरातली मधली खोली चारही बाजूंनी खोल्यांत अडकलेली होती. खिडकी नाही. दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. दादा आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला होता, हातात कप. ती आत आली तसा त्याचा चेहरा फुलला.

"आलीस? किती उशीर."

"या, या," आई लांबूला म्हणाली. "अहो, केवढे उंच! दिव्याला डोकं लागेल, जपून."

लांबूने मान खाली घालून नमस्कार केला आणि दादाची खुर्ची ओढली.

दादा उठला. वाऱ्याची झुळूक लागून माणूस जागा बदलतो, तसा उठला, आणि कप घेऊन भिंतीशी उभा राहिला. लांबू बसला.

"तुम्ही दोघीच असता?" त्याने विचारलं.

"दोघीच हो," आई म्हणाली.

"लांबू." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "समोर बघ. माझ्याकडे नको. भिंतीकडे."

त्याने पाहिलं. खरोखर पाहिलं; डोळे बारीक करून, चित्रातला अंधूक ठिपका शोधताना पाहायचा तसं. दादा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. दाढीतला पांढरा केस दिसेल इतक्या जवळ. लांबूची नजर दादाच्या छातीवर थांबली. थांबली.

"घड्याळ मागे आहे का तुमचं?" लांबू म्हणाला.

आई म्हणाली, "हो, जरासं."

"ठमे," दादाने विचारलं, "कोणाशी बोलतेस?"

"हा लांबू आहे, दादा. हा बघ ना. खुर्चीत. आणि आई."

दादाने खोलीभर नजर फिरवली. खुर्चीवरून, लांबूवरून, आईवरून. मग काळजीने तिच्याकडे पाहिलं.

"आपण दोघंच आहोत गं घरात. किती दिवस झाले."

दोघंच. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. तिने टेबलाची कड घट्ट धरली. चालेल. दोघंही चालतील. दोघांना दिसलेलं राखतात.

"हो दादा," ती म्हणाली. "दोघंच."

त्याची नजर तिच्यावरून सरकली.

"दादा?"

तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. दाराकडे.

"ठमे?" त्याने हाक मारली. जरा मोठ्याने. मागच्या खोलीत ऐकू जावं इतक्या. "ठमे, गेलीस का?"

"इथे आहे. दादा, मी इथे."

तो ऐकत राहिला. कान देऊन.

मग कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये कप विसळला. पालथा घातला. रिकामी खोली सोडून जाताना माणूस जे करतो ते त्याने केलं. दाराशी जाऊन दिव्याचं बटण बंद केलं.

काळोख झाला.

त्याची पावलं बाहेरच्या खोलीत गेली.

"साखर कमी घेता ना?" आई विचारत होती.

"चालेल कितीही," लांबू म्हणाला. "जोडणीबाई कुठे गेल्या? आत्ता होत्या इथे."

"कोण?"

लांबूने कप पुढे केला. "काही नाही," तो म्हणाला.

मिट्ट काळोखात आईने त्याच्या कपात चहा ओतला. काठोकाठ, एक थेंबही न सांडता.